भेटीला जाशील तेव्हा

प्रिय मुली,

तुझा निरोप वाचला. स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनला अकरा दिवस झालेत, एक ड्रेन (जखमेतलं पाणी बाटलीत काढणारी नळी) अजून आत आहे, आणि जिची गाणी लावून तू परीक्षांचा अभ्यास केलास ती गायिका शनिवारी भेटणार आहे. "जाऊ का?" असं विचारलंस खरं, पण तू जाणारच हे त्या दोन शब्दांतच कळलं. तेव्हा कसं जायचं तेवढं सांगते.

डॉक्टरांना आजच फोन कर. ड्रेनमधून येणारं पाणी दिवसाला साधारण 30 मिलिलिटरच्या खाली गेलं की बहुतेक वेळा तो काढतात. कदाचित शनिवारच्या आत सुटशीलही. नाही सुटलीस तर बाटली निघताना रिकामी कर, मोजून वहीत लिही आणि सदऱ्याच्या आतून पिनेने अडकव. नळीला ओढ बसता कामा नये. सदरा पुढून बटणांचा आणि सैल घाल, म्हणजे हात डोक्यावर न्यायला नको. गाडीत सीटबेल्ट आणि छाती यांच्या मध्ये लहानशी उशी ठेव. दुखतंय म्हणून बेल्ट सोडून बसू नकोस. तुझी केमो अजून सुरू झालेली नाही हे बरं आहे. डोसनंतरच्या दुसऱ्या आठवड्यात, पांढऱ्या पेशी खाली आलेल्या असताना, त्या गर्दीत मी तुला पाऊल टाकू दिलं नसतं.

खरा त्रास रांगेचा. हा थकवा सूचना देऊन येत नाही. बोलता बोलता पाय रिकामे होतात. आयोजकांना आधीच कळव, "ऑपरेशन झालंय, खुर्ची लागेल." एवढं पुरतं. कसलं ऑपरेशन ते सांगायची गरज नाही.

आणि मिठी! प्रसिद्ध माणसं प्रेमाने पटकन मिठी मारतात. तुझ्या काखेतल्या गाठी काढल्या आहेत, दंडाची आतली बाजू बधिर आहे आणि छातीवरचे टाके मात्र जागे आहेत. एखादी फाइल छातीशी धरून उभी राहा आणि बऱ्या बाजूचा हात आपणच आधी पुढे कर. मला हे कुणी सांगितलं नव्हतं.

माझं सांगते. मीही गेले होते, ऑपरेशननंतर तिसऱ्या आठवड्यात, एका अभिनेत्रीला भेटायला. तिचं एक काम पाहून मी विशीत घरच्यांशी भांडून शिकायला बाहेर पडले होते. हे तिला सांगायचं म्हणून वर्षानुवर्षं मनात वाक्यं जुळवली होती. समोर गेले आणि तोंडातून पहिलं काय निघालं? "मला कॅन्सर आहे." तिचा चेहरा लगेच बदलला. हात हातात घेतला, फार मायेने बोलली, धीर दिला. दोन मिनिटं संपली. तिच्या कामाबद्दल एक शब्द बोलले नाही. घरी येऊन रडले, आणि लोकांना वाटलं टाके दुखताहेत.

तिची चूक काहीच नव्हती. मीच तिच्या हातात आजार ठेवला, मग ती दुसरं काय धरणार?

म्हणून तुला सांगते, पहिलं वाक्य आत्ताच ठरव आणि ते तिच्या गाण्याबद्दलचं असू दे. कुठलं गाणं, कुठल्या रात्री, त्यातली कुठली ओळ. "मी तुमची खूप मोठी चाहती आहे" हे नको, ते ती दिवसातून शंभरदा ऐकत असेल. आजाराचं सांगावंसं वाटलं तर नंतर सांग, नाही वाटलं तर नको. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी बेटी फोर्ड यांनी 1974 मध्ये आपलं स्तनाचं ऑपरेशन जगजाहीर केलं आणि कितीतरी बायका तपासणीला गेल्या. मोठंच काम झालं. पण तुझ्यावर तशी कसलीही जबाबदारी नाही.

फोटोत एक बाजू सपाट दिसेल, ही धास्ती तू लिहिली नाहीस, तरी मला कळते. सिलिकॉनचा पॅड जखम पूर्ण भरल्याशिवाय लावायचा नसतो. मऊ सुती पॅड चालेल का ते त्याच फोनमध्ये विचारून घे. नाहीतर फाइल आहेच. माझ्या फोटोत मी वाकडी उभी आहे, खांदा वर चढलेला, चेहऱ्यावर भलतंच हसू. आधी कपाटात ठेवला होता, आता टेबलावर आहे.

आणि ऐन वेळी अंगात ताप असला, जखम लाल झाली किंवा नुसतं उठवलं नाही, तर जाऊ नकोस. ऑस्ट्रेलियन गायिका कायली मिनोगचा दौरा 2005 मध्ये याच आजाराने थांबला होता. तो पुन्हा सुरू झाला 2006 च्या नोव्हेंबरात. गाणाऱ्या बाईला ताटकळणं समजेल. तुझं ते वाक्य चिठ्ठीवर लिहून कुणाच्या तरी हाती पाठव.

शनिवारी परत आलीस की आधी आडवी हो, हात उशीवर ठेव, बाटलीचा आकडा वहीत लिही. मग मला फोन कर. कितीही वाजलेले असोत, मी जागी आहे.

तुझी,
मावशी