कंट्रोलचंही पित्त आटतंय? आधी तापमान बघा

"कंट्रोल रॅटचंही पित्त दुसऱ्या तासाला निम्म्यावर येतं, कॅन्युला तर मोकळा आहे" हे पित्तस्रावाच्या प्रयोगाबद्दलचं तुमचं वाक्य वाचलं (कंट्रोल म्हणजे औषध न दिलेला रॅट, कॅन्युला म्हणजे पित्तनलिकेत घातलेली बारीक नळी) आणि एम.फार्म.चं दुसरं वर्ष आठवलं. माझ्या वहीत हेच रडगाणं होतं.

कॅन्युला तुम्हाला घालता येतोच, ते सोडतो. पोट उघडल्यावर रॅटचं तापमान मोजलंत का? भुलेतला रॅट अंग गरम ठेवू शकत नाही आणि तो गार पडला की पित्तही मंदावतं. ३०० ग्रॅमचा रॅट तासाला १ मिलीलिटरच्या आसपास पित्त देतो. माझ्या नळीत पिवळा थेंब मुंगीच्या पावलांनी सरकायचा, शेपूट हाताला गार लागायची, आणि मी सुई हलवत बसायचो.

खरी माती पुढेच खाल्ली. कंट्रोल सकाळी करायचो, एसी थेट टेबलावर. तपासायचा अर्क दिलेले रॅट दुपारी, तेव्हा एसी बंद आणि खिडकीतून ऊन. अर्कानं पित्त वाढतं म्हणून गाइडसकट सगळे खूश! एके दिवशी सकाळीच एसी बिघडला आणि कंट्रोलनंही तेवढंच पित्त दिलं. २४ प्राणी फुकट गेले. अजून बोचतं.

मग हीटिंग पॅड मागितला. खरेदी विभागानं फाइल तीनदा परत पाठवली. "कमरेला लावायचा शेकपॅड का चालत नाही?" असा शेराही मारला. अहो, रेक्टल प्रोबशी (गुदद्वारात ठेवायच्या तापमापकाशी) जोडलेला नियंत्रक नसेल तर प्राणी भाजतो! सात महिने गेले. तेवढ्यात मित्राचं लग्न होऊन गेलं.

माझं मत, पटलं तर घ्या: ३७ अंश टिकवल्याशिवाय एकही आकडा लिहू नका, आणि कंट्रोल-टेस्ट एकाच दिवशी आलटूनपालटून करा. तरीही थोडी घट दिसेलच, कारण पित्त बाहेर काढल्यावर पित्त वाहतं ठेवणारी पित्ताम्लं आतड्यातून यकृताकडे परतत नाहीत. ती घट औषधाच्या माथी मारू नका. भुलेचा डोस मात्र मला विचारू नका, तो तुमच्या पशुवैद्यांना विचारा आणि एथिक्स कमिटीनं मंजूर केलाय तोच वापरा.

हो, आणि कॅन्युला यकृताच्या जवळ, वरच्या बाजूला घाला. रॅटमध्ये स्वादुपिंडाच्या नळ्या खाली त्याच पित्तनलिकेत उघडतात, त्यामुळे खालून गोळा केलंत तर पित्ताबरोबर तो रसही मोजाल. बिलिरुबिन (पित्तातलं पिवळं रंगद्रव्य) मोजणार असाल तर नळ्यांना फॉइल गुंडाळा, उजेडात ते टिकत नाही.