डॉल्बी बसवतात, टाकतात की लावतात?

प्रश्न असा आला आहे. नव्या लॅपटॉपवर हेडफोन लावून काही दिवस आवाज झकास येत होता. मग पडद्यावर सूचना आली की चाचणीची मुदत संपली, डॉल्बी ॲटमॉस (हेडफोनमध्ये आवाज चहूबाजूंनी आल्यासारखा भासवणारी सोय) पुढे हवं असेल तर पैसे भरा. प्रश्नकर्त्याच्या वडिलांनी ती वाचली आणि विचारलं, "पैसे भरले की माणूस कधी येणार बसवायला?" मुलगा हसला, वडील रागावले. आता मुलाला दोन गोष्टी हव्यात. पैसे मोजून घ्यायचं हे 'साउंड अपग्रेड' सॉफ्टवेअर की हार्डवेअर? आणि त्याला मराठीत काय म्हणायचं: अद्ययावत करणं, दर्जावाढ, की आणखी काही?

पहिल्याचं उत्तर एका शब्दात देतो: सॉफ्टवेअर. माणूस येणार नाही. पण वडिलांना हसायचं कारण नव्हतं. ते मराठी बरोबर बोलत होते.

कारण मराठीत 'डॉल्बी' ही वस्तू आहे, आणि चांगली दणकट वस्तू आहे. कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडच्या कुणालाही विचारा. डॉल्बी म्हणजे विसर्जनाच्या मिरवणुकीत ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर रचलेली स्पीकरची भिंत. तो मंडळं ठरवतात, त्याची सुपारी देतात, तो येतो, लागतो, आणि गल्लीतल्या खिडक्यांच्या काचा थरथरतात. 'डॉल्बीमुक्त गणेशोत्सव' हे शब्द दरवर्षी पेपरात छापून येतात. तिथे कुणी सॉफ्टवेअरपासून मुक्ती मागत नसतं. झेरॉक्स, डालडा, जेसीबी यांच्या पंगतीत बसलेलं हे नाव. कंपनी कुठली का असेना, पिवळं खोदयंत्र दिसलं की जेसीबी. तशी आवाजाची भिंत दिसली की डॉल्बी. त्या भिंतीतले खोके डॉल्बी कंपनीचे नसतात, याने मराठीला काही फरक पडत नाही.

यातली गंमत अशी की मूळ कंपनीचा जन्म नेमका उलट कामासाठी झाला. रे डॉल्बी या अमेरिकी अभियंत्याने ती १९६५ मध्ये लंडनला काढली, आणि तिचं पहिलं काम होतं टेपवरच्या ध्वनिमुद्रणातली खरखर कमी करणं. आवाज वाढवणं नव्हे, नको तो आवाज घालवणं! ज्यांच्या घरी जुना चांगला कॅसेट डेक होता त्यांना त्यावरचं डॉल्बीचं बटण आठवेल. ते दाबलं की गाण्यामागची 'स्स्स' विरायची. त्या बटणामागे खरंखुरं सर्किट होतं, म्हणजे तेव्हाचं घरातलं डॉल्बी हार्डवेअरच. आज त्याच नावाने लॅपटॉपवर येतं ते गणित. म्हणून नाव वाचून सॉफ्ट की हार्ड ते कळत नाही.

आता 'हार्डवेअर' शब्दच बघा. आपल्याकडे तो संगणकाच्या आधीपासून आहे आणि अजून पहिल्याच अर्थाने जिवंत आहे. हार्डवेअरच्या दुकानात खिळे, बिजागऱ्या, कड्या-कोयंडे, नळाच्या तोट्या मिळतात. इंग्रजीतही आधी हाच अर्थ होता: 'वेअर' म्हणजे माल, हार्डवेअर म्हणजे लोखंडी माल. संगणकातल्या नळ्या, तारा, ट्रान्झिस्टर यांना तो शब्द चिकटला, आणि मग त्याला जोडीदार म्हणून 'सॉफ्टवेअर' आला. छापील लेखात या अर्थाने तो वापरण्याचं श्रेय सहसा जॉन टकी या संख्याशास्त्रज्ञाला, त्याच्या १९५८ च्या लेखासाठी दिलं जातं. 'बिट' हा शब्दही त्याचाच. म्हणजे सॉफ्टवेअर हा मुळात हार्डवेअरवरून केलेला कोटीवजा शब्द आहे. अशा शब्दाचं भाषांतर करायला गेलं की हात पोळतात: 'मृदुसामग्री' म्हटलं की मला गादी-उशांचं दुकान दिसतं. 'आज्ञावली' चांगला आहे, पण त्याने प्रोग्रॅम कळतो, सॉफ्टवेअर हा सगळा प्रकार कळत नाही. मी सरळ 'सॉफ्टवेअर' लिहितो.

नामांनी असा घोळ घातला की मी मराठीत क्रियापदांकडे जातो. ती सहसा फसवत नाहीत.

'बसवणं' घ्या. गणपती बसवतात, घट बसवतात, पाण्याची मोटार बसवतात, कवळी बसवतात. ज्याला जागा लागते, ते बसतं. (नाटकही बसवतात, हे मला कुणीतरी सांगणारच. पण तिथेही माणसांना रंगमंचावर जागा नेमून द्याव्याच लागतात.) वडील 'बसवायला' म्हणाले तेव्हा त्यांच्या डोळ्यापुढे स्पीकर होते, आणि स्पीकर बसवतातच.

'टाकणं' जरा सैल आहे. संगणक दुरुस्तीच्या दुकानात दिवसभर हेच ऐकू येतं: 'आठची रॅम टाकून देतो', 'विंडोज नवीन टाकायला लागेल'. रॅम ही हाताने खोचायची पट्टी, विंडोज हे सॉफ्टवेअर, दोन्ही टाकतात. मोबाइलमध्ये पॅक टाकतात, गाडीत पेट्रोल टाकतात. आत गेलं की झालं, मग ते कठीण असो की मऊ. त्यामुळे 'टाकणं' या वादात साक्षीदार म्हणून कुचकामी.

'लावणं' मात्र मला फार आवडतं. दूध लावतात, पेपर लावतात, डबा लावतात, क्लास लावतात. दर महिन्याला पैसे मोजून काही घेत राहायचं, याला इंग्रजीत सबस्क्रिप्शन म्हणतात आणि आपण त्यासाठी वर्गणी, सदस्यत्व असे शब्द शोधत बसतो. क्रियापद तर घरातच होतं. महिन्याच्या बोलीवर मिळणाऱ्या सॉफ्टवेअरला मी खुशाल 'लावलंय' म्हणतो. इथे मात्र दोन अडचणी आहेत. हेडफोनसाठीच्या डॉल्बी ॲटमॉसचे पैसे एकदाच भरायचे असतात, अमेरिकेत साधारण १५ डॉलर. आणि 'आम्ही घरी डॉल्बी लावला' असं म्हटलंत तर शेजारी पोलिसांना फोन करतील.

मग उरतं काय? पैसे भरल्यावर नेमकं काय घडतं ते बघा. चाचणीच्या दिवसांत आवाज चांगला येत होता, म्हणजे लागणारा सगळा प्रोग्रॅम लॅपटॉपवर आधीच होता. मुदत संपल्यावर तो कुठे गेला नाही, फक्त बंद झाला. पैसे भरले की तोच पुन्हा चालू होईल. नवीन काही आत येत नाही, बसत नाही, पडत नाही. तुम्ही विकत घेता ती परवानगी. सेट-टॉप बॉक्सचं उदाहरण वडिलांना लगेच पटेल: बॉक्स तोच, छत्री तीच, वायर तीच, पैसे भरले की चॅनल दिसायला लागतो. तेव्हा आपण म्हणतो 'चॅनल चालू करून घेतला'. इथेही तेच म्हणावं. 'डॉल्बी चालू करून घेतलं.' नाम हवंच असेल तर 'परवाना'. लायसन म्हटलं तरी चालेल, पण मराठीत लायसन म्हटलं की आधी आरटीओच आठवतं.

हा परवाना यंत्राला चिकटलेला नसतो, खात्याला असतो, हीच सॉफ्टवेअरची मोठी खूण. उद्या लॅपटॉप बदललात आणि नव्या विंडोज लॅपटॉपवर त्याच मायक्रोसॉफ्ट खात्याने आत शिरलात तर विकत घेतलेलं तिथेही मिळतं. लोखंडी मालाला हे जमत नाही. जुन्या लॅपटॉपचे स्पीकर जुन्याबरोबरच जातात.

आता 'अपग्रेड'. यासाठी 'अद्ययावत' नको. अद्य म्हणजे आज, यावत् म्हणजे पर्यंत. अद्ययावत म्हणजे आजपर्यंतचं, आणि तो अपडेटचा अर्थ. (आणि कृपया 'अद्यावत' लिहू नका, त्यातला एक य कुणीतरी खाऊन टाकलाय.) अपडेटने जे आहे ते आजच्या तारखेला येतं, अपग्रेडने पायरी बदलते. सरकारी मराठीत 'श्रेणीवर्धन' म्हणतात, आणि तिथे तो शब्द नेमका आहे: ग्रामीण रुग्णालयाचं उपजिल्हा रुग्णालयात श्रेणीवर्धन झालं म्हणजे खाटा वाढतात, पदं वाढतात, इमारत वाढते. निदान कागदावर तरी. म्हणजे श्रेणीवर्धनात खाटांचा खडखडाट आहे, हार्डवेअर आहे. लॅपटॉपच्या या परवान्याला ते नाव दिलं तर वडिलांचा गैरसमज आणखी घट्ट होईल. 'दर्जावाढ' त्याहून बरा, पण माझं मत विचाराल तर इथे 'अपग्रेड' हा विक्रेत्याचा शब्द आहे. त्याच्या फायद्यासाठी आपण मराठी शब्द का घडवावा?

तिसरा घोळ 'आवाज' या शब्दाचा. आपला आवाज म्हणजे ध्वनीही, गळाही, गोंगाटही आणि व्हॉल्यूमही. 'आवाजासाठी पैसे भरले' म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं, आवाज मोठा होणार. इथे तसं नाही. हा परवाना आहे हेडफोनसाठी. लॅपटॉपच्या अंगच्या स्पीकरना त्याचा उपयोग नाही. ज्या लॅपटॉपवर स्पीकरशेजारी डॉल्बीचं नाव छापलेलं असतं, तिथे स्पीकरसाठीची मांडणी बनवणाऱ्याने आधीच करून दिलेली असते, तिचे वेगळे पैसे कुणी मागत नाही. आणि स्पीकर एवढेसे असतील तर सॉफ्टवेअर किती करणार? डग्ग्याचा घुमारा ऐकू यायचा तर बरीच हवा हलवावी लागते. दोन-अडीच बोटांच्या पडद्याने ती हलत नाही. सॉफ्टवेअर त्या घुमाऱ्याचे वरचे स्वरांश ठळक करून मेंदूला चकवू शकतं. आपण खालचा स्वर मनाने भरून काढतो. चकवा छान असतो, पण हवा तेवढीच हलते.

हेडफोनवरचाही चकवाच, फक्त जास्त सुंदर. उजवीकडून आलेला आवाज उजव्या कानाला सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळ आधी पोचतो, डाव्या कानाला डोक्याच्या आडोशाने जरा मंद होऊन. मागून आलेला, वरून आलेला आवाज कानाच्या बाहेरच्या वळ्यांत वेगळाच घडतो. हे फरक आकड्यांत मांडायचे आणि दोन कानांत ओतायचे, म्हणजे हेलिकॉप्टर डोक्यावरून गेल्यासारखं वाटतं. सगळा हिशोब. खिळा नाही, बिजागरी नाही.

याचं इंग्रजी नाव 'स्पेशियल साउंड'. प्रश्नकर्त्याने आपल्या पत्रात दोनदा 'स्पेशल साउंड' लिहिलंय, आणि त्यात त्याची फारशी चूक नाही. देवनागरीत दोघांत एका वेलांटीचा आणि एका 'य'चा फरक. पण हा 'स्पेशल' चहातला नव्हे. स्पेस, म्हणजे भोवतालची जागा, तिच्यावरून आलेला हा शब्द. 'अवकाशीय ध्वनी' लिहिलं की वाचक इस्रोकडे बघतो. मी 'चौफेर आवाज' म्हणतो. तंतोतंत नाही, वर-खाली त्यात नीट येत नाही, पण कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

तेव्हा वडिलांना सांगायचं वाक्य असं: "बाबा, बसवायचं काही नाही, जे आत आहे तेच चालू करून घ्यायचंय, आणि तेही हेडफोनपुरतं." पैसे भरायच्या आधी आवाजाच्या सेटिंगमध्ये चौफेर आवाजाच्या यादीत 'विंडोज सॉनिक' निवडून बघा. ते मायक्रोसॉफ्टने २०१७ पासून विंडोजबरोबर फुकट दिलंय. एखादा सिनेमा बाबांना त्यावर ऐकवा. आणि ते मुळात हेडफोन लावतच नसतील, तर त्या पैशांत छोटे बाहेरचे स्पीकर आणा. ते मात्र बसवायला लागतील.