सायकल-शंका : फिक्स्ड गिअर सायकलीचे भाग आणि निगा

फिक्स्ड गिअर सायकलीला फ्रीव्हील, म्हणजे पाय थांबवले तरी चाक मोकळे फिरू देणारे चक्र, नसते. मागचे दातेरी चक्र, म्हणजे कॉग, हबवर (चाकाच्या मधल्या तुंब्यावर) पक्के बसवलेले असते. त्यामुळे चाक फिरते आहे तोवर पायडलही फिरतात आणि पायांनी उलटा जोर दिला की चाक मंदावते. इतर सायकलींत चेन फक्त पुढे ओढण्याचे काम करते, इथे ती ब्रेकचेही काम करते. आलेल्या पत्रांपैकी बहुतेक शंकांचे मूळ याच एका फरकात आहे, म्हणून उत्तरे वाचताना तो लक्षात ठेवावा.

प्रश्न : माझ्याकडे एकाच गिअरची जुनी सायकल आहे. कारागीर म्हणतात, फ्रीव्हील काढून त्याच आट्यांवर कॉग चढवू आणि वेल्डिंगचा एक टाका मारू. कॉग जागी धरून ठेवणाऱ्या लॉकरिंगची गरज नाही. हे करावे का?

उत्तर : करू नये. कॉग त्या आट्यांवर चढेल हे कारागिरांचे म्हणणे खरे आहे, कारण फ्रीव्हीलचे आणि कॉगचे आटे जवळपास सारखेच, म्हणजे 1.37 इंच व्यासाचे आणि इंचाला 24 असतात. पण चढणे वेगळे आणि टिकणे वेगळे. आपण पुढे पायडल मारता तेव्हा कॉग आट्यांवर अधिकाधिक घट्ट होत जातो. उलटा जोर दिला की तोच कॉग सुटण्याच्या दिशेने ढकलला जातो. फ्रीव्हीलवर उलटा जोर कधी येतच नाही, म्हणून त्या हबवर त्याला अडवणारे काही केलेले नसते.

फिक्स्ड गिअरसाठी घडवलेल्या हबवर आट्यांच्या दोन पायऱ्या असतात. मोठ्या व्यासाच्या पायरीवर कॉग बसतो आणि त्याच्या बाहेर, थोड्या लहान व्यासाच्या पायरीवर, उलट्या आट्यांची लॉकरिंग बसते. कॉग सैल होऊ लागला की तो लॉकरिंगलाही आपल्याबरोबर त्याच दिशेने फिरवू पाहतो. पण तिचे आटे उलटे असल्यामुळे ती दिशा तिच्यासाठी आवळण्याची ठरते आणि कॉग जागीच अडतो. युक्ती साधी आहे, पण आपला सगळा भरवसा तिच्यावरच असतो. एका पायरीच्या हबवर कॉग चढवून बाहेरून बॉटम ब्रॅकेटची, म्हणजे पायडलच्या आसाच्या बेअरिंगची, रिंग आवळणे किंवा आटे धरून ठेवणारा द्रव लावणे हे उपाय पुष्कळ जण सुचवतात. नेहमीच्या चालवण्यात ते कदाचित टिकतीलही; मात्र उतारावर अचानक पूर्ण जोराने चाक अडवायची वेळ येते, नेमक्या त्याच क्षणी त्यांची परीक्षा होते. वेल्डिंगने हबच्या धातूचा कस बिघडतो, झिजलेला कॉग पुढे बदलता येत नाही आणि हब अ‍ॅल्युमिनियमचे असेल तर त्यावर पोलादी कॉगचा टाका धरतच नाही.

तेव्हा खर्च करायचाच असेल तर तो मागच्या चाकावर करावा आणि दोन पायऱ्यांचे हब घ्यावे. अशा हबची नेहमीची रुंदी 120 मिलिमीटर असते. आपल्या फ्रेममधील जागा त्याहून जास्त असल्यास आसावर दोन्ही बाजूंना योग्य वायसर घालून ती भरून काढता येते. मागच्या चाकाची खाच मात्र आधी पाहावी. ती आडवी असेल, म्हणजे चाक मागे-पुढे सरकवता येत असेल, तरच चेनचा ताण जुळवता येतो. खाच उभी असेल तर या कामासाठी दुसरी फ्रेम शोधलेली बरी. स्प्रिंगचा टेन्शनर लावून उभ्या खाचेवर मार्ग काढू नये, कारण उलट्या जोराच्या वेळी चेनचा खालचा पदर ताणला जातो आणि तो सगळा ताण त्या नाजूक स्प्रिंगवर येतो.

कॉग बसवताना दोन्ही पायऱ्यांचे आटे स्वच्छ पुसून त्यांना ग्रीस लावावे, सुरुवातीचे फेरे हातानेच द्यावेत आणि मग चेनच्या पान्ह्याने कॉग पूर्ण आवळावा. त्यानंतर आकड्याच्या पान्ह्याने लॉकरिंग आवळावी. एवढ्यावर काम संपत नाही. पायांनी चाक न अडवता, फक्त हाताचा ब्रेक वापरून, एखाद्या चढावर जोर लावून सायकल चालवावी. या जोराने कॉग आणखी थोडा आत सरकतो आणि लॉकरिंग तेवढी सैल राहते. ती पुन्हा आवळल्यावरच पायांनी चाक अडवायला सुरुवात करावी.

प्रश्न : पुढे 48 आणि मागे 16 दाते घ्यावेत असा सल्ला मिळाला, कारण हिशेब सरळ तीनचा येतो. हा जोड चांगला आहे का?

उत्तर : हिशेब सरळ येतो, हाच या जोडाचा दोष आहे. पायडलच्या एका फेरीत चाकाच्या नेमक्या तीन फेऱ्या होत असतील, तर पायडल आडवे करून चाक घसरवत थांबताना दर वेळी टायरचा तोच तुकडा रस्त्यावर घासला जातो, आणि बाकीचे टायर नवे असताना तेवढी एक जागा धाग्यापर्यंत झिजते. किती जागा घासल्या जातील हे काढण्यासाठी पुढच्या-मागच्या दात्यांचा अपूर्णांक संक्षिप्त रूपात लिहावा. छेदात राहील तेवढ्या जागा. 48 आणि 16 चे 3 आणि 1 होतात, म्हणजे जागा एक. 46 आणि 16 चे 23 आणि 8 होतात, म्हणजे आठ. 46 आणि 17 ला सामाईक अवयवच नाही, म्हणून सतरा. दोन्हींपैकी कोणताही पाय पुढे ठेवून थांबण्याची सवय असेल आणि संक्षिप्त अपूर्णांकाचा अंश विषम असेल, तर ही संख्या दुप्पट होते. म्हणून 47 आणि 17 चा जोड चौतीस जागा देतो. शाळेतला लसावि-मसावि इतका कामी येणारी दुसरी जागा मला अजून सापडलेली नाही.

जोड निवडण्याचे मुख्य कारण मात्र टायर नसून आपले गुडघे आहेत. 46 आणि 17 चे गुणोत्तर सुमारे 2.7 येते. चाकाचा परीघ साधारण 2.1 मीटर धरला तर पायडलच्या एका फेरीत सायकल सुमारे 5.7 मीटर पुढे जाते. मिनिटाला 60 फेऱ्या मारल्या तर ताशी वीस किलोमीटरच्या आसपास आणि 90 मारल्या तर तीसच्या थोडा वर वेग मिळतो. उतारावर वेग 45 झाला तर पायांना मिनिटाला 130 हून अधिक फेऱ्या माराव्याच लागतात, कारण पाय सोडून बसण्याची सोय इथे नाही. जड गिअर घेतला तर उतारावर पाय सावकाश फिरतात, पण चढावर आणि चाक अडवताना सारा भार गुडघ्यांवर येतो. नवशिक्याने 2.6 ते 2.8 च्या दरम्यान राहावे आणि सवय झाल्यावर फक्त कॉग बदलून पाहावा. एका दात्याचा फरकही पायांना लगेच कळतो.

प्रश्न : चेन रुंद घ्यावी की अरुंद? आणि ती किती ताणावी? माझी चेन एका जागी ताठ होते, तर दुसऱ्या जागी लोंबते.

उत्तर : रुंदीचे दोन प्रकार आहेत, इंचाचा आठवा भाग आणि 3/32 इंच. रुंद चेन अरुंद दात्यांवर चालते, अरुंद चेन रुंद दात्यांवर बसत नाही. शक्य असल्यास चेन, चेनव्हील (पुढचे दातेरी चक्र) आणि कॉग एकाच रुंदीचे घ्यावेत. हलक्या चेनचा मोह इथे धरू नये.

ताण जुळवताना आधी चेनव्हील सावकाश पूर्ण फिरवून सर्वांत ताठ जागा शोधावी आणि माप त्याच जागी घ्यावे. तिथे चेनच्या मध्यावर बोटाने दाबल्यास ती वर-खाली मिळून सुमारे एक सेंटिमीटर हलली पाहिजे. ताठ जागा सोडून भलतीकडे माप घेतले, तर फिरता फिरता चेन एका ठिकाणी इतकी ताणली जाते की हबचे आणि बॉटम ब्रॅकेटचे छर्रे लवकर जातात. याउलट चेन सैल राहिली तर खड्ड्यात दणका बसल्यावर ती उतरू शकते. उतरलेली चेन कधी मागचे चाक जागीच जाम करते, तर कधी पायांचा ब्रेक पूर्ण नाहीसा करते, आणि यातले काय घडेल हे आपल्या हातात नसते.

आपल्या चेनमध्ये जो फरक पडतो तो बहुधा चेनव्हील क्रँकवर, म्हणजे पायडलच्या दांड्यावर, नेमके मधोमध न बसल्याने पडतो. त्याचे पाचही बोल्ट किंचित सैल करावेत, ताठ जागा वर आणून चेनवर पान्ह्याच्या मुठीने हलकेच टिचकी मारावी, म्हणजे चेनव्हील केसभर सरकते. पुन्हा फिरवून पाहावे. दोन-तीन वेळा असे केल्यावर ताण बराच एकसारखा होतो. मग बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने आवळावेत.

झीज मोजण्यासाठी पट्टी पुरते. चेनच्या एका पिनेपासून पुढच्या 24व्या पिनेपर्यंतचे अंतर नवी असताना 12 इंच, म्हणजे 304.8 मिलिमीटर असते. ते 307 च्या आसपास गेले की चेन बदलावी. अधिक वाट पाहिल्यास ती कॉग आणि चेनव्हील दोन्ही घेऊन जाते.

प्रश्न : पाय हाच ब्रेक असेल तर पुढे वेगळा ब्रेक कशाला?

उत्तर : थांबताना शरीराचा भार पुढे झुकतो, मागचे चाक हलके होते आणि घसरू लागते. घसरणारे मागचे चाक कितीही नाट्यमय दिसले तरी पुढच्या चांगल्या ब्रेकच्या तुलनेत त्याचा थांबवण्याचा जोर साधारण अर्धाच भरतो. शिवाय चेन उतरली तर उरतो तो हाताचाच ब्रेक. वेलोड्रोमवरच्या, म्हणजे सायकल शर्यतींच्या धावपट्टीवरच्या, सायकलींना ब्रेक नसतो हे खरे, पण तिथे सगळे एकाच दिशेने जातात आणि आडवा कोणी येत नाही. फ्रेम घेताना पुढच्या चिमट्याला ब्रेकचे छिद्र आहे का आणि रिमच्या कडा ब्रेकसाठी सपाट केलेल्या आहेत का, हे जरूर पाहावे. पाय पायडलवर बांधून ठेवणारे पट्टे किंवा क्लिपही याच यादीत येतात. त्यांच्याविना उलटा जोर नीट देता येत नाही आणि उतारावर पाय निसटला तर फिरते पायडल पोटरी फोडते.

प्रश्न : क्रँक 170 मिलिमीटरचे घ्यावे की 165 चे?

उत्तर : 165 चे. वळणावर सायकल कलली असतानाही आतले पायडल खाली येतच राहते, आणि ते रस्त्याला टेकले तर मागचे चाक उचलले जाते. पाच मिलिमीटर कमी वाटतात, पण तेवढ्याने कलण्याची मुभा वाढते आणि पायही थोडे हलके फिरतात.

प्रश्न : एनजेएस शिक्क्याचे भाग महाग असतात. ते खरोखर अधिक चांगले असतात का?

उत्तर : हा शिक्का जपानच्या केइरिन नावाच्या सायकल शर्यतींसाठी मंजूर झालेल्या भागांवर असतो. या शर्यती 1948 मध्ये कोकुरा येथे सुरू झाल्या आणि त्यांवर लोक पैसे लावतात. म्हणून कोणाच्याही सायकलीमुळे निकाल फिरू नये आणि भाग तुटून अपघात होऊ नये, यासाठी भागांचे नियम बांधले गेले. म्हणजे शिक्का मजबुतीची आणि सारखेपणाची हमी देतो, नावीन्याची नाही. असे हब आणि कॉग सुंदर घडवलेले असतात आणि वर्षानुवर्षे टिकतात. मात्र त्यांतल्या बहुतेक हबमध्ये सुटे छर्रे असतात, जे वेळोवेळी उघडून ग्रीस बदलावे लागते. पावसात आणि धुळीत रोज चालवणाऱ्याला बंद बेअरिंगचे साधे हब अधिक सोयीचे. शिक्क्यासाठी जास्त पैसे द्यायचेच असतील तर ते कॉग आणि लॉकरिंगसाठी द्यावेत, हँडलसाठी नव्हे.

प्रश्न : चेन साफ करताना सायकल उलटी ठेवून चाक गरगरा फिरवावे आणि फडके धरावे, असे मी करतो. काही धोका आहे का?

उत्तर : आहे, आणि मोठा आहे. फ्रीव्हील असलेल्या सायकलीत फडके अडकले तर चेन थांबते. इथे फिरत्या चाकाचा सगळा वेग चेनमध्ये असतो. फडके चेनव्हीलकडे ओढले गेले की बोटही त्याबरोबर जाते, आणि अशा रीतीने बोटे तुटल्याची उदाहरणे आहेत. चाक हाताने थोडे थोडे सरकवावे, ते थांबल्यावरच तेवढा तुकडा पुसावा. तेल प्रत्येक सांध्यावर एक थेंब पुरे. वरचे तेल पुसून टाकावे, नाहीतर त्यावर धूळ बसून तिचा खरकागद होतो. पँटची खालची कड आणि बुटाची नाडी यांनाही हाच नियम लागू आहे.

प्रश्न : पायडल मारता मारता उलटा जोर दिला की कुठून तरी ‘टक्’ असा आवाज येतो. काय बिघडले असेल?

उत्तर : जोराची दिशा बदलताना येणारा आवाज म्हणजे काहीतरी दोन्ही बाजूंना हलते आहे. पुढचा ब्रेक घट्ट दाबून सायकल धरावी आणि पायडल हाताने पुढे-मागे ढकलावे. चेन नुसती सैल असेल तर चेनव्हील किंचित हलून चेनचा पदर ताठ होताना दिसेल; ताण जुळवला की आवाज जाईल. चेन ताठ असूनही चाकाच्या बाजूने आवाज आला तर लॉकरिंग आणि कॉग तपासावेत. कॉग हबवर जरासाही हलत असेल तर ती सायकल चालवू नये, कारण एकदा असा हलू लागलेला कॉग हबचे आटे खात जातो आणि शेवटी नवे लॉकरिंगही धरत नाही. आसाच्या नटांवरही एकदा 15 नंबरचा पान्हा फिरवून घ्यावा.

आवाज पायाखालून येत असेल तर डाव्या क्रँकवर माझा पहिला संशय असेल. चौकोनी आसावर बसणाऱ्या क्रँकचा बोल्ट सैल झाला की क्रँकचे भोक थोडे थोडे गोलावते, आणि एकदा ते गोलावले की बोल्ट कितीही आवळला तरी क्रँक पुन्हा सैल होतो. मग तो टाकूनच द्यावा लागतो. म्हणून नवा क्रँक बसवल्यावर पहिल्या काही दिवसांत बोल्ट पुन्हा एकदा आवळून घ्यावा. हे झाल्यावरही आवाज राहिला तर पायडल काढून आट्यांना ग्रीस लावून बसवावेत. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, एवढे मात्र पान्हा लावण्यापूर्वी आठवावे.