वडिलांचा कीटकसंग्रह संग्रहालयाला द्यावा का? सहीपूर्वी पाहण्याच्या गोष्टी

प्रश्न : माझे वडील कोल्हापुरातील एका शाळेत विज्ञान शिकवत. १९६१ पासून सुमारे ३५ वर्षे त्यांनी पन्हाळा, गगनबावडा, राधानगरी, आंबोली या भागांत कीटक गोळा केले. फुलपाखरे, पतंग, भुंगेरे आणि चतुर मिळून काचेच्या झाकणाच्या ४२ पेट्या आमच्या घरी आहेत. सात महिन्यांपूर्वी वडील वारले. ‘संग्रह पुढे एखाद्या संग्रहालयाला द्यावा’ असे त्यांनी वहीत लिहून खाली सही केली आहे. आईचीही तीच इच्छा आहे. पुण्यातला धाकटा भाऊ वाटणी मागतो; त्याला विशेषतः रंकाळ्यावरच्या चतुरांची पेटी हवी आहे. शिवाय द्यायचेच असेल तर दाजीपूरचे (राधानगरी अभयारण्यातले) नाव असलेल्या चिठ्ठ्या आधी काढून टाकू, नाहीतर वनखाते मागे लागेल, असे त्याचे म्हणणे आहे. संग्रहालयाने पाठवलेल्या छापील अर्जात ‘बिनशर्त व कायमचे दान’ असे शब्द आहेत. मी सही करावी का?

उत्तर : ताई, त्या अर्जावर आज सही करू नका, आणि पेट्यांतील एकाही चिठ्ठीला हात लावू नका. यातली दुसरी सूचना पहिलीपेक्षा महत्त्वाची आहे, तिचे कारण पुढे येईलच.

आधी मालकीचे पाहू. वहीतील मजकूर वडिलांची इच्छा निःसंशय सांगतो, परंतु भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ च्या कलम ६३ प्रमाणे मृत्युपत्रावर किमान दोन साक्षीदारांची साक्षांकित सही लागते आणि ती या वहीत नाही, म्हणून कायद्याच्या दृष्टीने ते मृत्युपत्र ठरत नाही. ते दानही ठरत नाही, कारण दान पूर्ण होण्यासाठी ते घेणाऱ्याने दात्याच्या हयातीत स्वीकारावे लागते. परिणामी हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ च्या कलम ८ प्रमाणे हा संग्रह आई, आपण आणि आपले बंधू या तिघांचा समान हिश्श्याने झाला आहे. (वडिलांच्या आई हयात असतील, तर त्या चौथ्या वारस ठरतात.) आपण एकट्याने सही केली, तर फार तर आपल्या अविभक्त एक तृतीयांश हिश्श्याचे दान होईल, आणि प्रत्येक फुलपाखराचा एक तृतीयांश घेऊन संग्रहालयाने काय करावे, हा प्रश्न उरेल. तेव्हा आई आणि बंधू यांनी दानास लेखी संमती द्यावी, किंवा आपल्या नावे हक्कसोडपत्र करून द्यावे. संग्रह ही जंगम मालमत्ता असल्याने या पत्राची नोंदणी सक्तीची नाही. तरीही दोन साक्षीदार घ्यावेत आणि सर्व पेट्यांची क्रमांकवार यादी सोबत जोडावी.

आता बंधूंच्या भीतीकडे येतो, कारण ती अगदीच निराधार नाही. नवीन राजवाड्यातील पेंढा भरलेला वाघ पाहिला की त्याला कागदपत्रे लागत असतील हे कोणालाही सुचते, पण टाचणीवरच्या पाकोळीकडे पाहून ते कोणाच्याच मनात येत नाही. वास्तविक वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधील ‘प्राणी’ या शब्दात अपृष्ठवंशीय जीव येतात, त्याच्या अनुसूचींत (म्हणजे संरक्षित जीवांच्या याद्यांत) कित्येक फुलपाखरांची नावे आहेत, आणि अनुसूचित प्राणी कोणत्याही रीतीने जतन केलेला असला तरी तो त्या कायद्याच्या भाषेत ‘ट्रॉफी’ ठरतो. आपल्याकडच्या बागांत सहज दिसणारी क्रिमझन रोझ आणि डॅनेड एगफ्लाय ही दोन्ही फुलपाखरे २०२२ च्या दुरुस्तीपूर्वी पहिल्या अनुसूचीत होती. १ एप्रिल २०२३ पासून अनुसूचींची नवी रचना लागू झाली आहे, त्यामुळे प्रत्येक नमुन्याचे शास्त्रीय नाव आजच्या यादीशी ताडून पाहण्यावाचून गत्यंतर नाही. मराठी किंवा इंग्रजी रूढ नावावर विसंबू नका. राज्य फुलपाखरू म्हणून २०१५ साली निवडलेले ब्लू मॉरमॉन केवळ त्या मानामुळे अनुसूचित ठरते, असा समज मी वकिलांकडूनही ऐकला आहे. तो चुकीचा आहे, अनुसूची आणि राज्यचिन्हे यांचा एकमेकांशी संबंध नाही.

चिठ्ठ्यांचे महत्त्व इथे कळते. या कायद्याचे कलम ५७ असे सांगते, की ट्रॉफी एखाद्याच्या ताब्यात आढळली, तर तो ताबा बेकायदेशीर आहे असे गृहीत धरले जाईल आणि तसे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्या माणसावर राहील. १९७२ चा कायदा येण्यापूर्वी पकडलेला कीटक आणि त्यानंतर पकडलेला कीटक दिसायला सारखेच असतात. त्यांच्यातला फरक फक्त टाचणीखालच्या त्या बोटभर कागदावर, वडिलांच्या अक्षरात, तारीख आणि ठिकाणासह लिहिलेला आहे. ‘दाजीपूर, १९६६’ ही चिठ्ठी आपल्या विरुद्ध जात नाही, ती आपला बचाव आहे. ती काढली तर पुरावा आपल्याच हाताने जातो, उलट चौकशी लागल्यास पुरावा नाहीसा केल्याचा वेगळा आरोप ओढवतो. शिवाय स्थळ आणि तारीख नसलेल्या नमुन्याला कोणतेही गंभीर संग्रहालय शास्त्रीय मोल देत नाही, म्हणजे ज्यासाठी हे दान करायचे तेच जाईल.

कायद्यानंतरच्या नमुन्यांबाबत मात्र मी आपल्याला खोटा दिलासा देणार नाही. कायदा लागू झाल्यानंतर परवानगीशिवाय पकडलेला अनुसूचित कीटक कलम ३९ प्रमाणे राज्य शासनाची मालमत्ता ठरतो, आणि जे आपले नाही ते आपण दान देऊ शकत नाही. राधानगरी अभयारण्याच्या हद्दीतील नमुन्यांना आणखी एक अडचण आहे. १९५८ साली घोषित झालेले हे राज्यातील पहिले अभयारण्य, आणि अभयारण्यातून परवान्याविना कोणताही वन्यजीव नेण्यास कलम २९ ची मनाई असल्याने तिथे अनुसूचीत नसलेल्या कीटकाचाही प्रश्न उद्भवू शकतो. वडिलांकडे संशोधनासाठी कलम १२ खाली दिलेली परवानगी होती का, हे त्यांच्या जुन्या पत्रव्यवहारात नीट शोधा. त्या काळी अशी पत्रे पुस्तकांत खुणेसाठी ठेवलेली सापडतात. त्यांनी केलेल्या कृतीसाठी आज कोणी आपल्यावर खटला भरू शकत नाही, परंतु ताबा आजचा आणि आपला आहे, एवढे लक्षात ठेवा.

वारसाने अशी वस्तू मिळाल्यास कलम ४० (२ब) प्रमाणे ९० दिवसांत मुख्य वन्यजीव रक्षकांकडे किंवा प्राधिकृत अधिकाऱ्याकडे घोषणा करावी लागते. आपल्या बाबतीत ती मुदत उलटून गेली आहे. माझा स्पष्ट सल्ला असा, की पहिल्या अनुसूचीतील एक जरी नमुना निघाला, तरी विलंबाचे खरे कारण लिहून, यादी, छायाचित्रे आणि वहीतील त्या पानाची प्रत जोडून घोषणा दाखल करावी, ती कोल्हापूरच्या उपवनसंरक्षकांच्या कार्यालयात देऊन पोच घ्यावी आणि प्रत नागपूरला मुख्य वन्यजीव रक्षकांकडे पाठवावी. त्याच अर्जात हे नमुने सार्वजनिक संग्रहालयाकडे सोपवण्याची आणि तिथवर नेण्याची परवानगी मागावी, कारण अशा वस्तूंच्या वाहतुकीलाही परवानगी लागते. स्वतःहून दिलेला कागद आणि छाप्यानंतर दिलेला कागद यांना न्यायालय एका तराजूत तोलत नाही. वनखात्याच्या निर्णयापर्यंत हे नमुने वेगळ्या पेटीत, चिठ्ठ्यांसह आणि कुलुपात ठेवा. कोणी ते विकत मागितले, तर नकार द्या; परदेशातील एखाद्या संस्थेने संपूर्ण संग्रह मागितला तर जैविक विविधता कायद्याची परवानगीही लागते, त्यामुळे त्या वाटेला जाऊच नये.

यादीचे काम दिसते तेवढे कठीण नाही. शिवाजी विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागातील जाणकारांना विनंती करून ओळख पटवून घेता येईल. मात्र त्याआधी कपाटात काळजीपूर्वक पाहा. कीटक मारण्यासाठी जुने संग्राहक तळाशी प्लास्टरचा थर दिलेली रुंद तोंडाची बाटली वापरत आणि त्या थराखाली पोटॅशियम सायनाइड असे. तशी बाटली आढळली तर ती उघडू नका, कचऱ्यात टाकू नका. विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागाला कळवा.

दानपत्राचे म्हणाल, तर ‘बिनशर्त’ या शब्दाला घाबरून जाऊ नये, पण तो जसाच्या तसा मान्यही करू नये. जंगम वस्तूचे दान ताबा देऊन पूर्ण होते. एकदा ते झाले, की मन बदलले म्हणून परत मागता येत नाही, आणि दात्याच्या मर्जीनुसार रद्द करता येईल असे कलम दानपत्रात घातले तर मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम १२६ प्रमाणे तेवढ्यापुरते दानच निरर्थक ठरते. त्याच कलमानुसार दात्याच्या इच्छेवर अवलंबून नसलेली ठरावीक घटना मात्र नमूद करता येते. म्हणून असे लिहून घ्या, की संस्था बंद झाल्यास किंवा तिने कीटकविभाग मोडल्यास संग्रह न विखुरता दुसऱ्या सार्वजनिक निसर्गविज्ञान संस्थेकडे जाईल. वडिलांच्या नावाची नोंद, मूळ चिठ्ठ्या कायम ठेवणे आणि दाखल-नोंदवहीतील क्रमांक कळवणे ही आश्वासनेही लेखी असावीत. ज्या संस्थेकडे कीटकांची देखभाल करणारा माणूस नाही, तिला कितीही सुंदर इमारत असली तरी देऊ नका. आपल्या टाऊन हॉलमधील संग्रहालय पुराणवस्तूंचे आहे. या कामासाठी विद्यापीठाचा विभाग, पुण्यातील भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे केंद्र किंवा मुंबईतील बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी यांच्याशी पत्रव्यवहार करावा. प्राप्तिकरातील सवलत रकमेच्या देणगीला मिळते, वस्तूच्या नाही. तो हिशेब मनातून काढून टाका. वडिलांच्या वह्या संग्रहासोबत द्याव्यात, मात्र त्यांतील अप्रकाशित मजकुराचा लेखाधिकार (कॉपीराइट) वारसांकडे राहतो आणि तो मजकूर प्रथम प्रसिद्ध झाल्यानंतर ६० वर्षे टिकतो, तेव्हा प्रकाशनाची परवानगी स्वतंत्रपणे लिहून द्यावी.

राहता राहिले बंधू. वाटणीचा दावा लावण्याचा हक्क त्यांना आहे, हे मी नाकारत नाही, पण ४२ पेट्यांचा दावा चालेल तितकी वर्षे डांबरगोळ्या बदलायला कोणी राहिले नाही, तर संग्रहालयांत नेहमी आढळणारे ते बारीक भुंगेरे आतून सगळे पोखरतील आणि निकालाच्या दिवशी वाटायला फक्त टाचण्या उरतील. त्यांना हे पत्र दाखवा. रंकाळ्यावरच्या चतुरांची पेटी ते मागतात, ती बहुधा वडिलांबरोबर तिथे घालवलेल्या सकाळींसाठी. त्या पेटीतील नावे अनुसूचीशी ताडून झाली आणि त्यांत हरकतीचे काही निघाले नाही, तर संमतीपत्रातच ती त्यांच्याकडे राहील असे लिहा, तिची छायाचित्रे संग्रहालयाला द्या, आणि पेटीतील चिठ्ठ्या मात्र त्यांनीही जशाच्या तशा ठेवाव्यात.