प्रवेशाआधी खासगी विद्यापीठानं कोणती माहिती जाहीर करायलाच हवी?

प्रश्न खासगी विद्यापीठाबद्दल आहे, म्हणून आधी यूजीसीचा (विद्यापीठ अनुदान आयोगाचा) नियम. विद्यार्थी तक्रार निवारणाच्या २०२३ च्या विनियमांनुसार प्रवेश सुरू होण्याच्या किमान ६० दिवस आधी माहितीपत्रक संकेतस्थळावर टाकावं लागतं. त्यात मंजूर जागा, पात्रता, निवडीची पद्धत, फीचा प्रत्येक भाग, अनामत रक्कम, प्रवेश सोडला तर किती पैसे परत मिळतील, वसतिगृह-ग्रंथालयाची स्थिती, हे सगळं हवं.

मी मात्र आधी शिक्षकांची यादी उघडतो. शिक्षणासह आणि कायम की अभ्यागत (पाहुणे) या तपशिलासह ती देणं बंधनकारक आहे. चकचकीत इमारतीचे वीस फोटो आणि शिक्षकांच्या पानावर 'लवकरच', असं दिसलं तर काय ते समजा. पत्रकात लिहिल्यापेक्षा जास्त फी मागितली किंवा मूळ कागदपत्रं अडकवून ठेवली, तर तीही रीतसर तक्रारच. आधी विद्यापीठाची तक्रार निवारण समिती, मग विद्यार्थ्यांच्या तक्रारींसाठीचा लोकपाल.

सरकारी विद्यापीठ असेल तर माहिती अधिकार कायदा, २००५ सुद्धा लागतो. कलम ४ प्रमाणे अंदाजपत्रक, अधिकाऱ्यांचे पगार वगैरे न मागता जाहीर करायचं असतं. नसेल तर १० रुपये भरून अर्ज करा, मुदत ३० दिवस. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांत बसवावा लागतो, त्यामुळे पाल्हाळ नको. आणि हो, स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिकाही या कायद्याखाली बघता येते. सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्येच ते स्पष्ट केलंय.