‘इन्जीनियस’ला सरसकट ‘सर्जनशील’ लिहू नकोस

भाषांतराचं काम नवीन आहेस म्हणून सांगते. इंग्रजीत ‘इन्जीनियस’ (ingenious) दिसलं की तू ‘सर्जनशील’ लिहून मोकळी होतेस. कविता करणारा सर्जनशील. पण लोकलच्या लेडीज डब्यात एका हँगरला टिकल्या, क्लिपा, कानातली असं अख्खं दुकान लटकवून गर्दीतून वाट काढणारी बाई? ती इन्जीनियस. तिला ‘कल्पक’ म्हण, नाहीतर ‘काय शक्कल लढवलीय!’ असं वाक्यच फिरव.

शब्दाचं मूळ लॅटिन ‘इन्जेनियम’, म्हणजे जन्मजात बुद्धी, उपजत हुशारी. त्यातूनच फ्रेंचमार्गे ‘एंजिन’ आलं. मध्ययुगीन इंग्रजीत एंजिन म्हणजे आधी अक्कलहुशारी, डावपेच, यंत्र नंतर. इंजिनिअर त्याच घरातला. आणि गंमत म्हणजे आपल्या विदर्भ-खानदेशात कापसातून सरकी वेगळी करण्याचं जिनिंग चालतं ना, त्यातलं ‘जिन’ हे एंजिनचंच तुटलेलं शेपूट.

आता खरा खड्डा. ‘इन्जेन्युअस’ (ingenuous) हा वेगळा शब्द. मूळ अर्थ स्वतंत्र कुळात जन्मलेला, म्हणून मोकळ्या मनाचा, आज भाबडा. स्पेलिंगमध्ये आयच्या जागी यू, एवढाच फरक. सुरुवातीला मी एका माहितीपत्रकात ‘भाबडं हसू’च्या जागी ‘कल्पक हसू’ छापू दिलं होतं. दादरच्या प्रेसमध्ये गठ्ठे बांधून झाल्यावर लक्षात आलं! त्यात ‘इन्जेन्युइटी’ हे नाम रूपाने भाबड्याचं, पण अर्थ कल्पकतेचा; इंग्रजांनीच कधीकाळी घोळ घातलाय. तेव्हा विशेषण आलं की आधी ते अक्षर बघ, मग मराठी शोध.