स्टार्चचा रेणू पिळदार असतो, मग त्याचे स्फटिक कसे बनतात?

पीळ पडतो तो जोडणीमुळे. स्टार्चमध्ये ग्लुकोजचे घटक अल्फा-१,४ बंधाने जोडलेले असतात. या बंधात प्रत्येक घटक आधीच्या घटकाशी थोडा कलतो, त्यामुळे साखळी आपोआप वळत जाते. सेल्युलोजमध्येही ग्लुकोजच असतं, पण बंध बीटा असल्याने साखळी सरळ राहते. एवढ्याशा फरकाने एकाचं अन्न होतं आणि दुसऱ्याचं लाकूड, याचं मला आजही नवल वाटतं!

स्फटिक मात्र एकेकट्या पिळाचे नसतात. अमायलोपेक्टिनच्या (स्टार्चमधल्या फांद्या असलेल्या रेणूच्या) शेजारशेजारच्या फांद्या एकमेकींभोवती दोरीसारख्या वळतात आणि डावखुरं दुहेरी सर्पिल तयार होतं. त्यातल्या प्रत्येक साखळीच्या एका वेढ्यात ६ ग्लुकोज, लांबी साधारण २.१ नॅनोमीटर. ही सर्पिलं शेजारीशेजारी रचली गेली की स्फटिक. तृणधान्यांत ती दाटीने बसतात (ए प्रकार). बटाट्यात षटकोनी रचना होते आणि मधल्या पोकळीत पाणी राहतं (बी प्रकार).

स्टार्चवर आयोडीन टाकल्यावर दिसणारा निळा रंग वेगळ्या रचनेमुळे येतो. अमायलोजच्या (स्टार्चमधल्या जवळपास बिनफांद्यांच्या रेणूच्या) एकेरी सर्पिलाच्या पोकळीत आयोडीनच्या साखळ्या शिरतात. गरम केल्यावर सर्पिल उलगडतं, रंग जातो; थंड झाल्यावर परततो.